डब्याचं दार

मंगळवार, ८ एप्रिल २०२५. हॉलमधल्या कूलरला नवे गवत बसवले. नळ उशिरा आला. कैऱ्या किसून साखरांबा केला. रुखमाबाईंचा फोन, भिवापूरच्या लग्नाला येणारच म्हणतात. दुपारी डबा उघडायला गेले तर दाराची मूठ हातात आली. जोर लावला, मग दारही आले. सगळेच आले. अंगणात आडवे ठेवले आहे.

डबा म्हणजे सिंधूताईंच्या नागपूरच्या बेझनबागेतल्या घरामागे, कडुनिंबाखाली उभा असलेला दोन चाकांचा कॅम्प ट्रेलर. आत दोन बाक, तेच रात्री पलंग. एक ओटा, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. त्यांचे यजमान गोपाळराव खनिजं शोधणाऱ्या कंपनीत होते. दिवाळी झाली की कंपनी त्यांना हा ट्रेलर देऊन कुठल्यातरी रानात धाडायची आणि होळीनंतर परत बोलवायची. सिंधूताई लग्न होऊन आल्या त्या थेट या डब्यातच. मुलीनं कॉन्व्हेंटात शिकून असं रानोमाळ फिरावं, याचं त्यांच्या रेल्वेतल्या वडिलांना फार वाईट वाटलं. सिंधूताईंना मुळीच वाटलं नाही. सकाळी दार उघडलं की समोर आज नाला, पुढच्या महिन्यात टेकडी. असं घर कुठल्या मैत्रिणीला मिळालं होतं?

पुढे कंपनीनं जुने ट्रेलर लिलावात काढले तेव्हा सिंधूताईंनी हाच उचलला. गोपाळरावांनी कपाळाला हात लावला. "ज्याच्यात उभा जन्म माझी पाठ मोडली, तो डबा तू घरी आणला?" ते त्यात पुन्हा कधी झोपले नाहीत. सिंधूताई मात्र हिवाळ्याच्या दुपारी तिथे बसून वाचायच्या, डायरी लिहायच्या. गोपाळराव गेल्यावर त्यात गाद्या आणि पापडाचे डबे जाऊन बसले, आणि दार क्वचितच उघडू लागलं.

आता ते उघडायची वेळ आली होती रुखमाबाईंमुळे. रुखमाबाई म्हणजे गोपाळरावांच्या थोरल्या बहीण, सिंधूताईंच्या नणंद. भिवापूर त्यांचं माहेर, आणि तिथल्या धाकट्या भावाच्या नातवाचं लग्न होतं. वय ऐंशीच्या पुढे, राहायला कन्हानला मुलाकडे, आणि आवाज असा की फोन कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"सिंधू, मी येऊन राहिली बरं भिवापूरले!"

"पायल काय म्हणते?"

"तिले काय विचाराचं? नातू माह्या भावाचा हाय का तिच्या?"

मागून फोन पायलनं घेतला. पायल म्हणजे रुखमाबाईंची सून. वाईट नव्हती, घाबरट होती. "मामी, तुम्हीच समजवा आईंना. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांना खाली बसता येत नाही. भिवापूरच्या घरी संडास मागच्या अंगणात, तोही खाली बसायचा. रात्री उठायचं तर कोणाचा तरी हात लागतो. लग्नाच्या गर्दीत मी काय करू?"

"अन् मी सहा वर्सं झाले माहेराचं तोंड नाही पाह्यलं!" मागून गर्जना झाली. "आता काय खांद्यावरच जाऊ काय मी?"

सिंधूताई म्हणाल्या, "पायल, आम्ही आमचा संडास सोबत घेऊन येतो."

 मग त्यांनी डब्याबद्दल सांगितलं. आत कमोड आहे, पलंग आहे, भिवापूरच्या अंगणात उभा केला की झालं. रस्त्यानं रुखमाबाई गाडीत पुढे बसतील, मध्ये दोनदा थांबू. पायलनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आधी मी पाहीन. धड असला तर येऊ. नाही तर आई घरीच राहतील, मग त्यांना कितीही आरडाओरडा करू द्या."

सिंधूताईंनी होकार दिला, आणि फोन ठेवून डबा उघडायला गेल्या. पुढचं डायरीत आलंच आहे.

त्यांच्या मुलानं, प्रशिकनं, चाकं, आकडा, दिवे आपल्याकडे घेतले. ट्रेलर ओढणार होती त्याचीच बोलेरो. दार मात्र त्यानं आईकडे सोपवलं. "आई, दार तू पाहा. रस्त्यानं उघडायला नको आणि पाऊस आत यायला नको, एवढंच." मग सिंधूताईंनी धर्मेंद्रला बोलावलं.

बेझनबागेत धर्मेंद्रची मोपेड फिरू लागली की उन्हाळा आला समजायचं. त्याचा मूळ धंदा कूलरचा. गवत बदलणं, पंप काढणं, टाकीची गळती बंद करणं. पण गेट असो, ग्रिल असो, पाण्याची मोटर असो, तो कशालाच नाही म्हणत नसे. अंगणात पडलेल्या दाराभोवती तो एक चक्कर मारून आला. खालच्या कडेला त्यानं पेचकस लावला, तर पेचकस मुठीपर्यंत आत गेला.

"ताई, हा दरवाजा हाय का बिस्कुट?"

"बिस्किटं तुला चहाबरोबर मिळतील. दाराचं बोल."

दार म्हणजे बाहेरून-आतून ॲल्युमिनियमचा पत्रा आणि मध्ये लाकडाची चौकट, बाकी पोकळ. वरच्या अर्ध्या भागात काचेची छोटी खिडकी. चौकटीचं खालचं लाकूड कुजून भुसा झालं होतं. बिजागऱ्यांचे स्क्रू गंजले होते, आणि भोवतीची रबराची पट्टी हात लावताच तुकडे होऊन गळत होती. धर्मेंद्रनं पत्रा खालून उकलला, भुसा खरवडून काढला आणि सागवानाची नवी पट्टी तासून बसवली. डिंक लावून झाल्यावर ती दाबून ठेवायची होती. पाटा आणला, वरवंटा आणला, तरी एक टोक वर येत होतं. सिंधूताई आत गेल्या आणि जुन्या डायऱ्यांचे दोन गठ्ठे घेऊन आल्या.

"बापरे! इतकं वजनदार काय लिहिलं ताई तुम्ही?"

"नळ कधी आला ते."

तोवर ट्रेलरच्या चौकटीवरचं, फटी बुजवणारं जुनं लुकण काढायचं काम सिंधूताईंनी स्वतःकडे घेतलं होतं. भाकरी उलटायचा एक जुना सराटा होता, तो घेऊन त्या स्टुलावर बसल्या आणि कडेकडेनं खरवडत गेल्या. कडक झालेलं लुकण खपल्यांसारखं निघत होतं. शेजारणी येता-जाता डोकावून जात. "काय हो ताई, या वयात ट्रक दुरुस्त करून राहिल्या का?" असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "हो, परवान्याची वाट पाहते आहे."

कामठी रोडवर बसच्या बॉड्या बांधतात, तिथून धर्मेंद्रनं पोकळ रबराची नवी पट्टी आणली. बिजागऱ्यांखाली पातळ पत्र्याचे तुकडे सारून त्यानं दार सरळ केलं. मग चौकटीच्या कडेनं सिलिकॉनची धार सोडली. ती ओळ वाकडीतिकडी आली, तेव्हा सिंधूताईंनी बोट साबणाच्या पाण्यात बुडवून एका दमात वरून खालपर्यंत फिरवलं. ओळ आरशासारखी गुळगुळीत झाली. शाळेत सिस्टर ॲग्नेस ख्रिसमसच्या केकवरचं आयसिंग असंच सपाट करायच्या. परीक्षेत कधी उपयोगी न पडलेलं हे शिक्षण साठ वर्षांनी कामी आलं.

दार खालून तपासताना धर्मेंद्रला दोन छिद्रं दिसली. खालच्या कडेला, पत्र्यात, पेन्सिल जाईल एवढी.

"सापडलं! इथूनच सगळं पाणी जाऊन राहिलं होतं ताई."

सिंधूताईंनी चष्मा वर करून पाहिलं. छिद्रंच होती. नागपूरच्या बाईला छिद्राबद्दल वेगळं सांगावं लागत नाही. मार्च लागला की कूलरची टाकी उन्हात उपडी करायची, आत डोकं घालायचं आणि कुठून उजेड येतो ते पाहायचं. उजेड दिसला की गळती, आणि गळती दिसली की डांबर. लग्न झाल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात त्यांनी हेच केलं होतं, आणि धर्मेंद्रचं तर त्याच्यावर घर चालत होतं. ती छिद्रं कुणी मुद्दाम पाडली असतील, अशी शंका दोघांपैकी एकालाही आली नाही.

"बंद कर," त्या म्हणाल्या. "चांगला जाड थर दे."

"दोन देतो. थेंब इकडचा तिकडे नाही होणार."

त्यानं आधी छिद्रांत पुट्टी भरली, मग अख्ख्या खालच्या कडेला डांबराचे दोन हात दिले. दुसऱ्या दिवशी दार बसवलं. त्यानं नळाला पाइप लावला आणि उंबऱ्यापासून कमरेपर्यंत दाराला पाण्यानं झोडपून काढलं. कूलरवाल्याची नजर नेहमी खालीच. सिंधूताई आत कोरडं फडकं घेऊन बसल्या होत्या. फडकं कोरडंच राहिलं. त्यांनी खिडकीतून अंगठा दाखवला, धर्मेंद्रनं बाहेरून सलाम ठोकला. दार हलक्या हातानं लागत होतं, टक् असा आवाज करून. सिंधूताईंनी ते उगाचच पाचसहा वेळा उघडून लावलं.

चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, सगळं काम बंद होतं. त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून विहारात गेल्या, भेटेल त्याला डब्याची खबर दिली. आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अवकाळीनं गाठलं. आधी धूळ, मग वारा, मग बोराएवढ्या गारा. रात्रभर पाऊस तिरका मारत राहिला. सकाळी सिंधूताई छत्री घेऊन डब्यात गेल्या. जमीन कोरडी, गाद्या कोरड्या. दार उघडताना जरा जड वाटलं, पण नवं रबर आहे, बसेल हळूहळू, असं म्हणून त्यांनी लक्ष दिलं नाही. त्यांनी पायलला फोन लावला. "उद्या घेऊन ये त्यांना. गारांच्या परीक्षेत पास झाला आहे डबा."

गुरुवारी रुखमाबाई रिक्षातून उतरल्या. एका हातात काठी, दुसरा हात पायलच्या खांद्यावर. ट्रेलरसमोर उभ्या राहून त्यांनी मान वर करून पाहिलं.

"हेच का वं तुमचं घर? मले वाटलं चांगलं मोठं असन."

"लहान आहे म्हणूनच चाकांवर आहे," सिंधूताई म्हणाल्या.

पायऱ्यांसाठी प्रशिकनं दोन्ही बाजूंनी दांडे लावून दिले होते. ते धरून रुखमाबाई चढल्या. पायलनं आत जाऊन सगळं पाहिलं. पलंग दाबला, कमोड हलवून पाहिला, दिवा लावला. तिच्या चेहऱ्यावरची घडी थोडी सैल झाली. "बरा आहे की," ती म्हणाली. "मी जरीपटक्याच्या बाजारातून आहेराच्या साड्या घेऊन येते, तोवर आईंना बसू द्या." ती गेली. सिंधूताई चहा टाकायला घराकडे वळल्या.

त्या अंगण ओलांडतात तोच मागून दार धाडकन लागलं. रुखमाबाईंना संडासाला जायचं होतं, आणि जायचं म्हणजे दार लावायला हवं. दार अडलं म्हणून त्यांनी आतून मूठ धरून सगळ्या अंगानिशी ओढलं. ते लागलं, आणि लागलं ते लागलंच.

चहा आणि कोथिंबिरीच्या वड्यांची ताटली घेऊन सिंधूताई आल्या, तेव्हा आतून ठोकण्याचा आवाज येत होता.

"सिंधू! दार उघड वं!"

"ढकला जरा."

"ढकलून राहिली ना! काहून उघडत नाही?"

सिंधूताईंनी बाहेरून ओढलं. मूठ फिरली, दार हललं नाही. त्यांनी एक पाय पायरीला लावून ओढलं, तरी नाही. शेवटी धर्मेंद्रला फोन केला. तो गल्लीतच कुणाच्या तरी छतावर कूलर बसवत होता, तसाच उतरून आला. त्यानं ओढलं, खांद्यानं हाणलं, कडेनं पेचकस घालून पाहिला.

"लाकूड फुगलं ताई. खालून गच्च बसलं."

"फुगेल कसं? पाणी तर आत गेलंच नाही!"

बाहेर ऊन चढू लागलं होतं.  दोन्ही बाजूच्या खिडक्या उघड्या होत्या, वर कडुनिंबाची सावली होती, आतला छोटा पंखा चालू होता, रुखमाबाईंना काही होणार नव्हतं. पण अर्ध्या तासात पायल परत येणार, सासूला कोंडलेली पाहणार, आणि मग भिवापूरचं नाव काढायची सोय उरणार नाही. त्यांनीच आशा लावली होती आणि त्यांच्याच दारानं ती मोडणार होती.

"रुखमाबाई, घाबरला नाहीत ना?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"मी काहून घाबरू? चहा दे इकडून. अन् ते काय हाय ताटलीत, सांबारवडी? ते बी दे."

खिडकीतून कप आत गेला, ताटली गेली. आतून चावण्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "सिंधू, तुह्या दाराच्या पोटात पाणी हाय."

"काय?"

"तो पोरगा खांदा मारते ना, तवा आतून डुचमळते. घागरीवानी. मी कान लावून पाह्यलं."

पन्नाशीच्या धर्मेंद्रला पोरगा म्हटलेलं आवडलं असावं. त्यानं दाराला कान लावला आणि हातानं थाप मारली. डुबुक. दुसऱ्यांदा मारली. डुबुक. त्यानं मान वर करून काचेच्या खिडकीकडे पाहिलं. वरच्या बाजूचं रबर सुकून आक्रसलं होतं, बोट जाईल एवढी फट पडली होती. पाऊस तिरका तिथेच मारत होता. वरून पाणी दाराच्या पोकळीत उतरलं. आणि खाली...

दोघांनी एकदमच खाली पाहिलं. डांबराचे दोन थर चकचकत होते.

"ते छिद्र," धर्मेंद्र हळूच म्हणाला, "पाणी बाहेर जायाले होते."

"आपण दाराचा कूलर केला," सिंधूताई म्हणाल्या.

धर्मेंद्रनं ड्रिल आणलं आणि अंगणात उकिडवा बसून खालच्या कडेला भोक पाडलं. चिळकांडी उडाली ती थेट त्याच्या पँटवर. दुसरं भोक पाडलं, तिकडूनही धार लागली. लाकडाचा रंग घेतलेलं तांबूस पाणी अंगणभर वाहू लागलं, आणि त्याच वेळी फाटकातून पायल साड्यांच्या पिशव्या घेऊन आत आली.

"हे काय? आई कुठे आहेत?"

 खिडकीतून रुखमाबाईंचा हात बाहेर आला, त्यात रिकामी ताटली. "आलीस का? आणखी वड्या आण वं दोन."

"कोंडलं तुम्ही त्यांना? मामी! हे असं तिथं रात्री झालं असतं म्हणजे?"

"झालं असतं," सिंधूताई म्हणाल्या. 

पाणी निथळलं तरी लाकूड फुगलेलंच होतं. धर्मेंद्रनं मग बाहेरच्या बाजूनं बिजागऱ्या खोलल्या, बिजागरीकडून पहार घातली आणि दार उचलून बाजूला ठेवलं. आत रुखमाबाई पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या, पदरानं तोंड पुसत.

"चला आई," पायल हात पुढे करत म्हणाली. "झालं ते पुरे झालं. आपण नाही जायचं."

"थांब. आधी हे पाह्य."

रुखमाबाईंनी काठी पलंगावरच ठेवली. उभ्या राहिल्या. डावा हात ओट्यावर, उजवा समोरच्या बाकाच्या पाठीवर. एक पाऊल. मग डावा हात कपाटाला, उजवा भिंतीला. आणखी एक पाऊल. डब्यात एवढीशीच जागा, की कुठेही उभं राहिलं तरी दोन्ही हातांना काहीतरी लागत होतं. त्या संडासापर्यंत गेल्या, आतल्या आत वळल्या आणि तशाच परत आल्या. कुणाचा हात न धरता.

"मघाशी मी एकलीच जाऊन आली," त्या म्हणाल्या. नेहमीचा आवाज नव्हता हा, खूप खालचा होता. "कन्हानचं घर मोठं हाय, पायल. मधात धराले काही नाही. रात्री तुले उठवतो तर मलेच लाज वाटते. इथं कोणाले उठवा नाही लागत."

पायल दारात, म्हणजे दार असतं त्या जागी, उभी होती. तिच्या हातातल्या पिशव्या तशाच होत्या. तिनं सासूच्या हातांकडे पाहिलं. मग धर्मेंद्रकडे वळून म्हणाली, "हे दार लागलं नाही तरी चालेल. अडकायला नको. जमेल?"

"जमते ना बहिणाबाई. लागन बी अन् उघडन बी."

"नाही लागलं तर पडदा लावू," सिंधूताई म्हणाल्या. रुखमाबाईंनी त्यांना असं काही पाहिलं की त्यांनी घाईघाईनं जोडलं, "पण लागेल."

दार दीड दिवस उन्हात उभं राहिलं. एप्रिलच्या नागपूरच्या उन्हापुढे लाकडाची काय कथा, सागवान मुकाट्यानं आपल्या मापात आलं. धर्मेंद्रनं खालची कड रंध्यानं जराशी उतरवली, काचेभोवती नवं रबर घातलं, वरून सिलिकॉनची धार सोडली. सिंधूताईंनी साबणाचं बोट फिरवलं. या वेळी पाइप त्यांनी आपल्या हातात घेतला आणि थेट वरून, काचेवर पाणी सोडलं. आत काही आलं नाही. खालच्या दोन छिद्रांतूनही काही आलं नाही, म्हणजे पोकळीतही गेलं नव्हतं. धर्मेंद्र मात्र त्या छिद्रांकडे पाहून अस्वस्थ होता.

"उभ्या जिंदगीत पहिल्यांदा भोक उघडं ठेवून काम देऊन राहिलो ताई. मोहल्ल्यात कोणाले सांगू नका."

रविवारी पहाटेच निघाले. उमरेडच्या अलीकडे एकदा थांबले, पलीकडे एकदा. दोन्ही वेळा रुखमाबाई प्रशिकच्या आधारानं पायऱ्या चढल्या, आणि दार आतून स्वतः ओढून घेतलं. टक्. सिंधूताई आणि पायल बाहेर रस्त्याच्या कडेला उभ्या राहून वाट पाहत होत्या. दोघींचे डोळे दाराच्या मुठीवर. ते उघडलं, दोन्ही वेळा. दुसऱ्या वेळी रुखमाबाई दारातूनच म्हणाल्या, "काय तोंडाकडे पाहून राहिल्या दोघी? चाला, वरात निघून जाईन."

भिवापूरच्या अंगणात डबा उभा राहिला तेव्हा नवरदेवापेक्षा जास्त गर्दी डब्याभोवती झाली. वंदना झाली, लग्न लागलं, पंगती उठल्या. रुखमाबाईंचा धाकटा भाऊ त्यांना हाताला धरून सगळ्यांची ओळख करून देत फिरला. थकल्या की त्या डब्याच्या दारात येऊन बसायच्या, आणि गावातल्या म्हाताऱ्या बाया एकेक करून आत जाऊन यायच्या. एकीनं बाहेर येऊन विचारलं, "हे भाड्यानं भेटते काय वं?"

"मले विचारा," रुखमाबाई म्हणाल्या. "माह्यं माहेर हाय हे."

संध्याकाळी मांडवातले दिवे लागले. पायल आत घरात बायकांबरोबर आहेराच्या साड्या पाहत बसली होती. तिनं एकदाही उठून डब्याकडे पाहिलं नाही. सिंधूताईंनी डब्यातल्या ओट्यावर डायरी उघडली, उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, लग्नाबद्दल चार ओळी लिहिल्या. शेवटची ओळ अशी होती:

उशा दोनच आणल्या होत्या, दोन्ही रुखमाबाईंनी घेतल्या.